मुका ओव्हन

आपला निम्मा स्वयंपाक कानावर चालतो. मोहरी तडतडली की जिरं, जिरं फुललं की कढीपत्ता. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बारीक. भज्यांचा घाणा तेलात सोडला की आधी जोराचा खळखळाट होतो, मग तो ओसरत जातो, आणि पुरता ओसरला की झारा उचलायचा. हे कुणी समोर बसवून शिकवत नाही. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारा माणूससुद्धा आतल्या आवाजावरून ओरडतो, ‘अगं, दूध गेलं वाटतं!’

ओव्हन मात्र मुका. दार लावलं, बटण फिरवलं, की आत पिवळा दिवा लागतो आणि टायमर टिकटिकत राहतो. ती टिकटिक घड्याळाची, कोंबडीची नव्हे. आतल्या तुकड्याला रंग चढतोय की नुसता घाम फुटतोय, खालची बाजू जाळीला चिकटली की सुटली, यातलं काहीही बाहेर कळत नाही. ओव्हन बोलतो तो एकदाच, शेवटी, ‘टिंग’ करून. तेव्हा सांगून काय उपयोग?

म्हणून ब्रेडचा चुरा लावलेलं कुरकुरीत चिकन घरच्या ओव्हनमध्ये करायचं म्हटलं की कढईवर वाढलेला हात बिचकतो. कढईत काही हुकलं तर झारा हातात असतो. आच कमी-जास्त करता येते, तुकडा उलटता येतो, फारच झालं तर अजून एकदा तळता येतो. ओव्हनमध्ये जे करायचं ते दार लावायच्या आधी.

रविवारी सकाळी आठपासून आमच्या शहरात चिकनच्या दुकानांपुढे माणसं उभी असतात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्येच एखादी एकादशी. उरलेल्या वारांत सगळं घर एकदम घरात सापडेल असा वार हाच. दुकानदार हात न थांबवता विचारतो, “क्या बनारे भाभी, सालन के फ्राय?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याची सुरी चालत नाही, कारण रश्श्याचे तुकडे वेगळे आणि फ्रायचे वेगळे. “अवन में” म्हटलं की तो मान वर करून बघतो. मग म्हणतो, “तो लेग बोनलेस लेव. सीना सूख जाता.” स्वयंपाकाच्या जाड पुस्तकांत पान-दोन पानं खर्ची पडतात ती गोष्ट त्याने तीन शब्दांत उरकलेली असते. छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच, पाच मिनिटं जास्त झाली की ते कोरडं पडतं. मांडीचं मांस तेवढं जास्त सोसतं.

घरी तोवर ठराव चालू असतो. सासूबाईंना ज्वारीच्या भाकरीबरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा हवा. मुलांना मॉलमध्ये बादलीतून मिळतं तसलं चिकन हवं. मुलांच्या बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टावर डॉक्टरांनी लाल गोल काढलाय. या तिघांमध्ये तडजोड म्हणून ओव्हन पुढे येतो, आणि तडजोड म्हणून आलेल्या गोष्टीकडे घरात ज्या नजरेने बघतात त्याच नजरेने त्याच्याकडे बघितलं जातं.

खरं म्हणजे भट्टी या शहराला नवी नाही. जुन्या शहरात शहागंज, सिटी चौकाच्या अंगाला आजही नान लागतात. तंदूरच्या आतल्या भिंतीला थापलेले, वरून पिवळसर हात फिरवलेले, तळव्याएवढे जाड नान, आणि सोबत तर्री आलेला मटणाचा खलिया. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली, गावाला दौलताबाद नाव दिलं, आणि त्याच्या लष्कराबरोबर नान-खलियाही इकडे आला असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लष्कराला एका वेळी हजारोंचं खाणं लागतं, आणि दोन-चार दिवस टिकणारा नान त्याला सोयीचा, हे पटण्यासारखं आहे. राजधानी परत दिल्लीला गेली, भट्टी राहिली. पण ती राहिली बाजारात. घरात चूल होती, तवा होता, कढई होती. चारी बाजूंनी कोरडी धग देणारी वस्तू मराठवाड्यातल्या घरात नव्हती.

दिवाळीत नानकटाई करायची तरी तीच गत. पिठाचे डबे घेऊन बायका बेकरीत जायच्या, तिथल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे थापायच्या, ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायच्या आणि भट्टीच्या धगीत घाम पुसत आपला नंबर येण्याची वाट बघायच्या. मग ॲल्युमिनियमचा तो गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची छोटी खिडकी असलेला. वाढदिवसाच्या केकपुरता तो माळ्यावरून खाली उतरायचा. आता बऱ्याच घरांत ओटीजी आहे, आणि त्यात कढया ठेवलेल्या आहेत. हे मी थट्टेने म्हणत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीकडे भिंतीत बसवलेला भलाथोरला ओव्हन आहे, त्यातही कढया आहेत. ती म्हणते, “मावशी, इथे सगळ्या देशी घरांत हेच.” फरक इतकाच, की तिकडे चार पुऱ्या तळल्या तरी धुराचा भोंगा केकाटायला लागतो. त्यामुळे कधीतरी कढया बाहेर काढून ओव्हन पेटवावाच लागतो.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवलेला बरा. आपल्याकडे पुष्कळ जण मायक्रोवेव्हलाच ओव्हन म्हणतात. साधा मायक्रोवेव्ह पदार्थातल्या पाण्याला तापवतो. चुरा लावलेला तुकडा त्यात ठेवला तर आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं, चुऱ्यात जिरतं आणि पाच मिनिटांत चुऱ्याचा लगदा होतो. कन्व्हेक्शनचं बटण असेल तर गोष्ट वेगळी. पाहिजे ती कोरडी गरम हवा, आणि जमल्यास ती फिरवणारा पंखा.

हवा ही मोठी कंजूष गोष्ट आहे. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घालून काढला, कशाला लागू दिला नाही, तर नुसती धग लागते. त्याच २०० अंशांच्या तेलात बोटाचं टोक बुडालं तर दवाखाना गाठावा लागतो. तेल पदार्थाला सगळीकडून चिकटतं आणि आपली उष्णता भसाभसा देऊन टाकतं. हवा तीच उष्णता चिमटीचिमटीने देते. तळलेल्याची बरोबरी ओव्हनने करावी ही अपेक्षा इथेच गडबडते. तेल दोन मिनिटांत जे करतं ते हवेला वीस मिनिटांतही जमेल असं नाही, आणि तेवढ्या वेळात आतलं मांस आपल्या वाटेने शिजत असतं.

हा सगळा खेळ तीन आकड्यांचा आहे. कोंबडीचं मांस आत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की ते खाण्याजोगं झालं. त्याच्या फार पुढे गेलं की रस सुटून चिवट होतं. वरच्या थराला खरपूस तांबूस रंग यायला मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. प्रथिनं आणि साखर यांच्यात त्या तापमानाला जी देवाणघेवाण होते तिच्यावर लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. आपल्या भाकरीवरचे तपकिरी ठिपके, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, हे सगळं त्यातलंच. आणि या दोन आकड्यांच्या मध्ये तिसरा आकडा आडवा पडलेला असतो, १०० चा. जोवर वरच्या थरात पाणी आहे तोवर तो थर शंभराच्या पुढे जात नाही. ओव्हनचं बटण अडीचशेवर नेऊन ठेवा, सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते.

म्हणजे चिकन कुरकुरीत करायचं तर मसाला नंतर, चुरा नंतर, आधी पाण्याची विल्हेवाट. गंमत म्हणजे ज्या शहरात ‘तुमच्याकडे नळ कधी आहेत?’ हा प्रश्न राम राम म्हणावा तितक्या सहज विचारला जातो, जिथे गोदावरीवरचा पैठणचा नाथसागर भरलेला असो की रिकामा, घरातले ड्रम भरून ठेवावेच लागतात, त्या शहरात सकाळी सकाळी पाणी घालवण्याच्या युक्त्या शोधत बसायचं.

चिकन धुतलं की ते चाळणीत निथळून चालत नाही. निथळलेलं दिसतं, पण ओलं असतं. धुऊन वाळवलेलं जुनं सुती धोतर किंवा पंचाचा तुकडा यासाठी वेगळा काढून ठेवावा, तुकडे त्यावर पसरावे, दुसऱ्या टोकाने दाबून टिपावे. मग मीठ. अर्धा किलोला सपाट चमचाभर, आणि शिजवायच्या आधी निदान तासभर. मीठ सुरुवातीला मांसातलं पाणी बाहेर ओढतं, ते पाहून माणूस घाबरतो. पण थोड्या वेळाने तेच खारं पाणी मांस परत पिऊन घेतं आणि भट्टीत गेल्यावर धरून ठेवतं. आतलं पाणी आत आणि वरचं पाणी नाहीसं, अशी दुहेरी व्यवस्था हे मीठ फुकटात लावून देतं.

मसाला दह्यात. दोन चमचे घट्ट दही, आलं-लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, हळद, चिमूटभर काळा मसाला. काहीजण तिखट-मसाला ब्रेडच्या चुऱ्यात कालवतात. मला ते पटत नाही. लाल तिखट २०० अंशांच्या कोरड्या हवेत उघडं पडलं की चिकन व्हायच्या आधी काळं होतं, आणि काळा मसाला तर आधीच भरपूर भाजलेला असतो, त्याला आणखी किती भाजायचं? मसाला आत दह्यात राहिला की सुरक्षित राहतो. मात्र ओव्हन लावायच्या वेळी हे दही बोटाने निपटून काढायचं. जीव होत नाही, एवढा मसाला पुसून टाकायचा म्हणजे काय! पण तुकड्यावर राहिलेली दह्याची जाड साय म्हणजे पुन्हा पाणीच.

पुढे तीन ताटल्या. पहिलीत मैदा किंवा तांदळाची पिठी, दुसरीत फेटलेलं अंडं, तिसरीत चुरा. हा क्रम उगाच नाही. पीठ उरलासुरला ओलावा टिपतं आणि गुळगुळीत मांसाला खरखरीत करतं. अंडं त्या खरखरीत धरतं, आणि तापल्यावर घट्ट होऊन चुरा पक्का बांधतं. पीठ गाळलं तर अंडं घसरतं. अंडं गाळलं तर चुरा ओव्हनच्या तळाशी जाऊन जळतो. फ्रेंच स्वयंपाकी या पद्धतीला इंग्रजी पद्धत म्हणतात आणि इंग्रजांनी ती आपल्याकडे कटलेटच्या रूपाने रेल्वेच्या उपाहारगृहांत पोचवली. तेव्हा आपल्याला ती अगदीच परकी नाही.

इथे हातांकडे बघण्यासारखं असतं. डावा हात कोरडा, उजवा ओला. डाव्याने तुकडा पिठात घोळवायचा, झटकायचा, अंड्यात सोडायचा. उजव्याने तो अंड्यातून उचलायचा, वरचं अंडं ओघळून जाऊ द्यायचं, चुऱ्यात टाकायचा आणि तिथून हात मागे. मग पुन्हा डावा, बाजूचा कोरडा चुरा मुठीने तुकड्यावर लोटायचा आणि तळव्याने हलकेच दाबायचा. दाबताना तुकड्याची जाड कड, घडी पडलेली जागा, हाड काढल्याची खाच, सगळीकडे चुरा पोचला का ते बोटाला कळतं. दोन्ही हात एकदमच सगळीकडे घातले तर चौथ्या तुकड्यापर्यंत बोटांवरच अंडं-पीठ-चुऱ्याचे थर चढतात आणि आपल्याच हाताचं कटलेट होतं. नेमका तेव्हाच फोन वाजतो. तयार तुकडे जाळीवर ठेवून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये, उघडेच. चुरा धरून बसायला तेवढा वेळ लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र याच्याही आधीचं आहे, आणि ते ओव्हनशी संबंध नसलेलं आहे. ब्रेडचा चुरा कढईत भाजून घ्यायचा. वाटीभर चुऱ्याला दीड-दोन चमचे तेल, मंद आच, हात हलता. बदामी रंग आला की ताटात काढून गार. हवा कंजूष आहे हे एकदा मान्य केलं की पुढचं ओघाने येतं. वीस मिनिटांत तिच्याकडून चुऱ्याला रंगही आणवायचा आणि मांसही वाळू द्यायचं नाही, ही दोन्ही कामं होत नाहीत. मग एक आपण आधीच उरकून द्यावं. पांढरा चुरा लावून ओव्हनमध्ये ठेवलेलं चिकन वीस मिनिटांनी पांढरंच बाहेर येतं, जागोजागी एखादा तपकिरी डाग घेऊन. भाजलेला चुरा आत जातानाच तयार असतो.

मराठी स्वयंपाकघराला हे कळायला तसं जड जाऊ नये. आपण भाजणी भाजून ठेवणारी माणसं. थालीपिठाची कुरकुर तव्यावर येते असं वाटतं, पण ती डाळी भाजल्या त्या दुपारीच अर्धी आलेली असते. मराठवाड्यात येसर करतात, धान्य आणि मसाले खमंग भाजून दळलेला. आयत्या वेळी पाण्यात कालवून उकळला की आमटी उभी राहते. पाहुणा दारात आला म्हणून कुणी धान्य भाजायला घेत नाही. कष्ट आधी उपसून बरणीत भरून ठेवायचे, ही रीत इथल्या बायकांच्या हाडीमाशी आहे. ओव्हन आला तेव्हा मात्र आपण ती विसरलो आणि यंत्र सगळं करेल म्हणून बटणाकडे बघत बसलो.

चुरा कशाचा हाही वादाचा विषय आहे. दुकानातला पाकिटातला चुरा फार बारीक असतो, त्याचा थर दाट बसतो पण कुरकुरत नाही. शिळा पाव कोरडा वाळवून हाताने कुस्करला तर त्यात लहानमोठे कण राहतात, त्यांच्या फटींतून वाफेला वाट मिळते. बेकरीतले चहाचे टोस्ट लाटण्याखाली भरडले तर उत्तम, फक्त ते गोडसर असतात आणि साखरेमुळे लवकर तांबूस होतात, तेव्हा भाजायची गरज जवळजवळ नाही. कॉर्नफ्लेक्स अमेरिकेतल्या घरांत सर्रास चालतात. आपले पातळ पोहे भाजून चुरडले तर त्यांच्या जवळपास जातात. रवा मात्र नको. कोकणात सुरमईला रवा लावतात तो तव्यावरच्या तेलात फुलतो, म्हणून खमंग लागतो. ओव्हनच्या कोरड्या हवेत तो तसाच राहतो आणि दाताखाली वाळू आल्यासारखी लागते.

आता ओव्हन. पंधरा मिनिटं आधी लावून ठेवायचा, २१० ते २२० अंशांवर, वरची खालची दोन्ही कॉइल चालू. पॉवर प्लगलाच लावायचा, आणि त्या वेळात बाथरूममधला गीझर बंद आहे ना ते बघायचं, नाहीतर एमसीबी पडतो आणि अर्धवट शिजलेलं चिकन अंधारात राहतं. तुकडे ट्रेवर नव्हे, जाळीवर. ट्रे जाळीच्या खाली, ठिबकणारं धरायला. ट्रेवर ठेवलेल्या तुकड्याची वाफ खाली कोंडते, आणि वरून देखणा दिसणारा तुकडा खालून ओला निघतो. दोन तुकड्यांत बोटभर अंतर. अर्धा किलोचे तुकडे घरच्या छोट्या ओटीजीत या हिशेबाने एका वेळी मावत नाहीत, आणि माणसाचा जीव दोन वेळा लावायला तयार नसतो. सगळी मंडळी टेबलाशी येऊन बसलेली असतात. मग जाळीवर दाटीवाटी होते, प्रत्येक तुकडा शेजारच्याला वाफ देतो, आणि अख्खा ओव्हन मोदकपात्र होऊन बसतो. दोन वेळा लावावं. पहिले आलेले खावेत, दुसऱ्यांची वाट बघावी. हॉटेलात ऑर्डरची वाट अर्धा तास बघतोच की.

बोटाएवढ्या जाडीच्या बिनहाडाच्या तुकड्यांना पंधरा ते अठरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. लेग पीसला चाळीसच्या आसपास, आणि त्यासाठी धग वीस अंशांनी कमी. तो उलटायचा क्षण सोडला तर मधल्या वेळात दार उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड. झाकण उचलून बघणं हा आपल्या हाताचा स्वभाव आहे. वरण बघतो, भात बघतो, दोन मिनिटांपूर्वी बघितलेलं पुन्हा बघतो. ओव्हनचं दार उघडलं की जमवलेली सगळी गरम हवा आपल्या तोंडावर येते आणि आतलं तापमान झरकन उतरतं. काचेतून बघावं, वास घ्यावा. आधी अंड्याचा वास येतो, मग पावाचा, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मांसाचा खरपूस वास स्वयंपाकघराबाहेर पडतो. तीनचारशे रुपयांत काट्याचा थर्मामीटर मिळतो. तो तुकड्याच्या सर्वांत जाड भागात खुपसून ७४ दिसले की वासावर विसंबायचीही गरज नाही. आमच्याकडे अंगठ्याने दाबून बघण्याला जास्त मान आहे.

बाहेर काढल्यावरही घात करणारी एक सवय आहे, ती म्हणजे झाकून ठेवणं. ‘गार होईल, झाक ते’ असा आवाज कुठल्यातरी खोलीतून येतोच. झाकलं की पाच मिनिटांत वीस मिनिटांची मेहनत सादळते. कॅसरोल त्याहून वाईट. चपात्यांसाठी तो चांगला, याच्यासाठी वैरी. जाळीवरच उघडं ठेवावं आणि गरम असतानाच संपवावं. वाळूजच्या कंपनीत सेकंड शिफ्टला जाणाऱ्याच्या डब्यात हे देण्यात अर्थ नाही, त्याला रस्साच द्यावा, तो संध्याकाळपर्यंत आणखी मुरतो.

बादलीतलं चिकन ज्याच्यामुळे जगभर गेलं तो हार्लंड सँडर्सही शेवटी वेळेशीच झगडत होता. केंटकीतल्या कॉर्बिन गावी त्याचं खाणावळवजा हॉटेल होतं. लोखंडी कढईत चिकन तळायला अर्धा तास लागायचा आणि गिऱ्हाईक थांबायचं नाही. १९३९ च्या सुमारास त्याने प्रेशर कुकर घेतला आणि त्यात फेरफार करून दाबाखाली तेलात तळायला सुरुवात केली. (आपल्या कुकरमध्ये हे करायला कुणी जाऊ नये, शिट्टी तेलाची उडते.) १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्याची पहिली शाखा दुसऱ्याच्या हॉटेलात निघाली. तेव्हा घरच्या ओव्हनमध्ये तसलं चिकन होत नाही म्हणून मुलांनी तोंड वाकडं केलं तर त्यांना सांगावं, ते कुठल्याच घरात होत नाही, त्याला यंत्रच वेगळं लागतं. अमेरिकन गृहिणींनी ते ओळखलं होतं. १९६५ मध्ये तिकडे ‘शेक अँड बेक’ नावाची मसालेदार चुऱ्याची पुडी बाजारात आली, ओले तुकडे चुऱ्याच्या पिशवीत घालून हलवायचे आणि ओव्हनमध्ये ठेवायचे. तळलेल्याची नक्कल म्हणून ती खपली, पण तिथल्या एका पिढीला तीच चव घरची वाटायला लागली. २०१० मध्ये फिलिप्सने एअर फ्रायर आणला, आता शहरातल्या निम्म्या लग्नांत तो आहेरात येतो. तो पंखा लावलेला छोटा ओव्हनच आहे. हवा जोरात फिरते, त्यामुळे तिचा कंजूषपणा थोडा कमी होतो आणि काम लवकर होतं. पुसणं, भाजणं, अंतर ठेवणं यातलं काही तो आपल्या वतीने करत नाही.

सासूबाईंचं मत ठाम आहे. पहिला तुकडा तोडून, आतून नीट शिजलाय ना बघून, दोन घास खाऊन त्या म्हणतात, “छान झालंय गं, पण तळल्याची चव नाही.” मी म्हणते, “आई, हे तळलेलं नाहीच, भाजलेलं आहे.” दोघींचंही खरं असतं. तेलाची म्हणून एक चव असते, ती जिभेवर पसरते आणि मसाल्याला वाहून नेते. ओव्हनमधल्या तुकड्यात आधी चुऱ्याचा खमंगपणा लागतो, मग सरळ कोंबडीच लागते, आणि कोंबडी ब्रॉयलर असेल तर तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. तिथे ठेचा हात देतो. घट्ट दह्यात लसणीचा ठेचा आणि मीठ कालवून वाटी मध्ये ठेवली की मुलं बादली विसरतात.

सासूबाईंच्या वाटणीचे तुकडे मी चुरा लावून वेगळे काढते आणि कढईतच तळते. एवढं त्यांना चालतं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. निदान डॉक्टरांचं तसं म्हणणं आहे असं सासूबाईंचं म्हणणं आहे.